कुशिंगचं ऑपरेशन होऊन ताई बरी झाली. मग हा '१.६ पट' आकडा काय सांगतो?

होटगीरोड
रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझी ताई, वय ३६. सोलापुरातच असते, कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय आहे. पाच वर्षांपूर्वी तिचं पोट सुटायला लागलं, चेहरा गोल आणि लालबुंद झाला, हातपाय मात्र काटक्यांसारखे. परातीची कड लागली तरी काळानिळा डाग पडायचा. तव्यापुढून उठायचं म्हटलं की भिंतीला हात लावून उठायची. बत्तिसाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली, पाठोपाठ साखर. सगळे म्हणायचे बाळंतपणानंतरचं वजन आहे, भात कमी कर. दोन वर्षं ती भात कमी करत राहिली. शेवटी खाजेसाठी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी पोटावरचे बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे बघितले आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

निदान झालं कुशिंग डिसीज. मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत ५ मिलिमीटरची गाठ होती. सिद्धेश्वर एक्सप्रेसने किती वेळा मुंबईला गेलो याची गणती नाही. तीन वर्षांपूर्वी नाकातून ऑपरेशन झालं. या आजारात बेसुमार वाढणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक (हार्मोन) दुसऱ्या दिवशी एकदम तळाला गेलं. डॉक्टर म्हणाले, हेच हवं होतं. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पुरेसं बनेपर्यंत चौदा महिने हायड्रोकॉर्टिसोन (गोळीतून कॉर्टिसॉल) घेतलं, मग तेही बंद झालं. १७ किलो वजन उतरलं, ताई पुन्हा ताईसारखी दिसायला लागली.

गेल्या आठवड्यात तिची फाइल लावताना सहज नेटवर वाचायला बसलो. एका अभ्यासात लिहिलं होतं की दहा-दहा वर्षं बरे राहिलेल्या कुशिंगच्या रुग्णांतही मृत्यूचं प्रमाण सामान्य लोकांच्या १.६ पट असतं. तेव्हापासून झोप नाही. बरी झाली म्हणजे बरी झाली असंच आम्ही धरून चाललो होतो. ताई वर्षभर तपासणीलाही गेलेली नाही. विचारलं की म्हणते, "आता काय झालंय मला?" तिला हा आकडा सांगावा की नाही, तेही कळत नाही. कुणाला अनुभव असेल तर लिहा.

गड्ड्याची_जत्रा
रविवार, रात्री ११.१५

भाऊ, आधी शांत व्हा. ताई आज चालतीय, बोलतीय, भाकऱ्या थापतीय, हे लै मोठं आहे. असले आकडे वाचून आपण घाबरतो आणि आपल्या तोंडाकडं बघून पेशंट घाबरतो. माझं मत विचाराल तर ताईला काही सांगू नका. सिद्धरामेश्वरावर सोडा आणि तिला आनंदात राहू द्या.

गणित_शिक्षक
सोमवार, सकाळी ७.०५

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे फक्त आकड्याबद्दल बोलतो. वैद्यकीय बाजू जाणकारांनी बघावी.

'१.६ पट' वाचलं की वाटतं ताईचं आयुष्य त्या हिशेबानं कापलं गेलं. तसं नाही. असा आकडा काढताना आधी बघतात, की त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या सामान्य लोकांत एवढ्या काळात किती मृत्यू होतात. मग रुग्णांत प्रत्यक्षात किती झाले ते मोजतात आणि भागाकार करतात. समजा, तिच्या वयाच्या १००० बायकांपैकी वर्षाला २ दगावतात (आकडा फक्त उदाहरणासाठी), तर १.६ पट म्हणजे ३.२. बाकीच्या ९९६-९७ जणी त्या वर्षी जिवंतच असतात. मूळ धोका लहान असला की त्याची दीडपटही लहानच राहते. मात्र वय वाढतं तसा मूळ धोका वाढतो आणि मग ही दीडपट भारी पडते. म्हणून आजच्यापेक्षा तिच्या पन्नाशी-साठीची काळजी आजपासून करायला हवी.

तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा २०१६ सालचा, ब्रिटन, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि न्यूझीलंडमधल्या ३२० रुग्णांचा असावा. मी काल रात्री बसून तो वाचला. तुमच्या नजरेतून सुटलेल्या दोन गोष्टी सांगतो.

एक. त्यात रुग्णांचे दोन गट आहेत. ज्यांना फक्त पिट्युटरीच्या ऑपरेशननेच गुण आला, त्यांच्यात हे गुणोत्तर ०.९५ आलं, म्हणजे सामान्य लोकांइतकंच. ज्यांना पुढे आणखी उपचार लागले, त्यांच्यात २.५३. या दोन्ही गटांना एकत्र मोजल्यावर १.६१ येतं. तुमची ताई तुम्ही लिहिल्याप्रमाणे पहिल्या गटातली आहे.

दोन, आणि ही थोडी सावध करणारी. त्या अभ्यासात मुळात किमान दहा वर्षं बरे राहिलेलेच रुग्ण घेतले होते. ज्यांचं त्याआधीच बरंवाईट झालं किंवा ज्यांचा आजार उलटला, ते त्यात नाहीत. म्हणून ०.९५ बघून निर्धास्त होणंही बरोबर नाही. स्वीडनमध्ये देशभरातल्या ५०२ रुग्णांचा अभ्यास २०१९ ला आला. त्यात आजार आटोक्यात असलेल्यांत १.९ आणि आटोक्यात नसलेल्यांत ६.९. माझ्या मते तुम्ही लक्षात ठेवायचा फरक हा आहे. १.९ कुठे आणि ६.९ कुठे!

होटगीरोड
सोमवार, सकाळी ७.४०

सर, मी फक्त पहिली ओळ वाचून मोबाइल बंद केला होता. ०.९५ पर्यंत पोचलोच नाही. तुम्ही माझ्यासाठी रात्र घालवलीत, काय बोलू.

डॉ_भीमाकाठ
सोमवार, रात्री ९.३०

ओपीडी संपवून लिहितोय. मी फिजिशियन आहे, हार्मोनतज्ज्ञ नाही. पण जिल्ह्यात काम करताना असे रुग्ण पाहिले आहेत. ताईंची तपासणी न करता त्यांच्या औषधांबद्दल काही बोलणार नाही. आजाराबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण या विषयावर मराठीत फार कमी सापडतं.

हार्वी कुशिंग या अमेरिकन सर्जनने १९३२ साली हा आजार मांडला. पिट्युटरीतली बारकी गाठ एसीटीएच नावाचं संप्रेरक बेसुमार सोडते. ते किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना सतत हाकत राहतं आणि त्या रात्रंदिवस कॉर्टिसॉल ओततात. त्या काळी इलाज नव्हता. १९५२ सालच्या एका आढाव्यात निम्मे रुग्ण पाच वर्षांतच गेलेले दिसतात. हृदयविकार, पक्षाघात आणि जंतुसंसर्ग ही मुख्य कारणं. तिथपासून आजच्या आकड्यांपर्यंत केवढा पल्ला गाठला गेलाय, हे '१.६ पट' वाचताना ध्यानात असू द्या.

आजार किती दुर्मीळ? युरोपातल्या नोंदींनुसार दर दहा लाख लोकांत वर्षाला साधारण २ नवे रुग्ण. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ४३ लाखांचा होता. तोच दर धरला तर सोलापूर जिल्ह्यात वर्षाला आठ-नऊ जण. त्यांतले किती निदानापर्यंत पोचत असतील? लठ्ठपणा, बीपी, साखर हे तिन्ही घरोघरी आहेत, त्यांच्या गर्दीत हे रुग्ण हरवतात. जगभरात लक्षणं सुरू झाल्यापासून निदानाला सरासरी जवळपास तीन वर्षं लागतात. ताईंची दोन वर्षं भात कमी करण्यात गेली, यात घरच्यांचा दोष नाही.

आता मूळ प्रश्न. गाठ निघाली, कॉर्टिसॉल उतरला, तरी धोका का उरतो? कारण त्या दोन-चार वर्षांत शरीरावर जे लिहिलं गेलं ते एका दिवसात पुसलं जात नाही. जास्तीच्या कॉर्टिसॉलने बीपी वाढतं, साखर वाढते, चरबी पोटात आतल्या अवयवांभोवती साठते, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. ऑपरेशननंतर यातलं बरंच सुधारतं, पण सगळ्यांत पूर्णपणे नाही. काहींचं बीपी तसंच राहतं, काहींची साखर. गणिताच्या सरांनी सांगितलेल्या २०१६ च्या अभ्यासात हृदय आणि रक्ताभिसरणाच्या आजारांनी होणारे मृत्यू अपेक्षेच्या २.७ पट होते. कॅन्सरचे मात्र वाढलेले नव्हते. आणि ज्यांना मधुमेह होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका मधुमेह नसलेल्या रुग्णांच्या २.८ पट. म्हणून मी ताईंना काही सांगायचं झालं तर सगळ्यात आधी साखरेचं विचारेन. ऑपरेशननंतर ती पूर्ण गेली का? शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) कधी केलं?

दुसरी गोष्ट, आजार उलटणं. अनुभवी सर्जनच्या हातून लहान गाठीचं ऑपरेशन झालं तर दहापैकी आठ जणांचा आजार आटोक्यात येतो. पण त्यांतल्या काहींमध्ये पुढच्या वर्षांत तो परत डोकं वर काढतो, कधी पाच वर्षांनी, कधी दहानंतरही. तो सांगून येत नाही. वजन थोडं वाढतं, झोप बिघडते, पाळी चुकते, बीपीची सोडलेली गोळी परत लागते. तपासण्यांत बहुतेकदा सगळ्यात आधी बदलतो तो रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतला कॉर्टिसॉल. म्हणून वर्षातून एकदा तरी ही तपासणी, ठरलेल्या हार्मोनतज्ज्ञाकडे, आयुष्यभर. ताईंचं एक वर्ष चुकलंय. या महिन्यात वेळ घ्या.

निशिगंध
मंगळवार, दुपारी २.२०

होटगीरोड, मी तुमच्या ताईसारखीच. नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. फरक एवढाच की मी सरांनी सांगितलेल्या त्या दुसऱ्या गटातली आहे, २.५३ वाल्या.

पाचव्या वर्षी आजार परत आला. मला आधीच जाणवलं होतं. बार्शीला नणंदेकडे लग्नात जिना चढताना मांड्यांत तीच कमजोरी आली, जी पहिल्या वेळी आली होती. शरीर विसरत नाही हो. पण मी सहा महिने कुणाला बोलले नाही, कारण घरात सगळ्यांनी "सुटलो बाबा एकदाचे" असा श्वास सोडलेला. त्यांचा तो श्वास परत अडकवायचा माझ्यानं धीर होईना. ते सहा महिने मला आजही टोचतात.

मग पुन्हा ऑपरेशन, त्यानं पूर्ण भागलं नाही म्हणून रेडिएशन. रेडिएशनचा गुण यायला वर्षं लागतात, तोवर कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या किटोकोनॅझोल गोळ्या आणि दर थोड्या दिवसांनी लिव्हरची तपासणी. आता कॉर्टिसॉल आटोक्यात आहे, पण पिट्युटरी दमली. त्यामुळे हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉइडची गोळी जन्मभर.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण यात जीव जातो. ज्यांचं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवत नाही, त्यांना ताप आला, उलट्या-जुलाब झाले, अपघात झाला, तर रोजचा डोस पुरत नाही, वाढवावा लागतो. गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन लागतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मला उलट्या सुरू झाल्या. बाहेर ४३ अंश, घरात वीज नाही. सगळ्यांना वाटलं ऊन लागलंय. लिंबूसरबत देत राहिले, गोळी प्रत्येक वेळी बाहेर पडत होती. संध्याकाळपर्यंत मी शुद्धीत नव्हते. दवाखान्यात मिस्टरांनी खिशातलं माझ्या आजाराचं कार्ड पुढे केलं म्हणून हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच मिळालं. तासाभरात मी डोळे उघडले. तेव्हापासून फ्रिजवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून लावलंय: 'दोन उलट्या झाल्या की थांबायचं नाही, इंजेक्शन.' माझ्या बारा वर्षांच्या मुलालाही पाठ आहे.

ताईची गोळी बंद झाली आहे, तरी तिची ग्रंथी पूर्ण जागी झाली आहे हे तपासून बंद केली होती ना, ते फाइलमध्ये बघा.

आणि सांगायचं की नाही, याबद्दल. सांगा. लपवलेलं आम्हाला कळतं. माझ्यापासून घरच्यांनी रेडिएशनचे परिणाम लपवले होते, ते मला बाहेरच्या माणसाकडून कळले. आपलं शरीर आणि आपल्यालाच माहिती शेवटी, हे फार लागतं.

गड्ड्याची_जत्रा
मंगळवार, दुपारी ३.१०

निशिगंधताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी आधी जे लिहिलं ते मागं घेतो. देवावर श्रद्धा ठेवा हे अजूनही म्हणतो, पण तपासणी चुकवू नका.

औषधवाली
मंगळवार, रात्री ८.४५

मी औषधदुकानात काम करते. थोडं विषय सोडून, पण इथे वाचणाऱ्या सोलापूरकरांसाठी गरजेचं आहे म्हणून लिहिते.

गोल चेहरा, सुटलेलं पोट, पातळ कातडी असे जे लोक आपल्या आसपास दिसतात, त्यांतल्या बहुतेकांना पिट्युटरीची गाठ नसते. ते वर्षानुवर्षं स्टेरॉइड खात असतात. मागावर उभं राहून गुडघे गेले, बिड्या वळून पाठ आणि मनगटं गेली, दम्यानं श्वास लागतो. कुणीतरी 'हमखास गुणाची' पुडी किंवा बारकी पांढरी गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागला. त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. मग ती सुटत नाही.

माझी कळकळीची विनंती आहे, हे वाचून घाबरून ती गोळी एका दिवसात बंद करू नका. इतकी वर्षं बाहेरून मिळत असल्यामुळे शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. निशिगंधताईंनी सांगितलेली अवस्था तिथेही येते. डॉक्टरांना खरं सांगा, पुडी दाखवा, ते हळूहळू उतरवतील. आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड मागू नका. नाही म्हणताना आम्हाला रोज भांडावं लागतं.

डॉ_भीमाकाठ
मंगळवार, रात्री १०.१०

औषधवाली, अजिबात विषय सोडून नाही. गाठीचा एक रुग्ण दिसेपर्यंत मला असे पुडीचे कितीतरी दिसतात.

निशिगंध, तुमच्या फ्रिजवरचा कागद मी उद्या माझ्या ओपीडीत लावणार आहे, तुमची हरकत नसेल तर. एका गोष्टीची भर घालतो. २.५३ हा त्या गटाचा एकत्र आकडा आहे. त्यात पन्नास वर्षांपूर्वी उपचार घेतलेलेही आहेत, जेव्हा आजच्यासारखी बीपीची, कोलेस्टेरॉलची औषधं नव्हती. तुमचं बीपी आणि साखर ताब्यात असेल, हायड्रोकॉर्टिसोनचा डोस गरजेपेक्षा जास्त नसेल, तर तुमचा स्वतःचा धोका त्यापेक्षा कमी असायला बराच वाव आहे. मनाकडेही बघा. स्वीडनच्या अभ्यासात आत्महत्यांचं प्रमाणही वाढलेलं होतं. कॉर्टिसॉल उतरल्यावरही उदासी राहू शकते. तो आजाराचाच भाग आहे, स्वभावाचा दोष नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच करू नका.

भुईकोट
बुधवार, सकाळी ११.००

खर्चाबद्दल कुणी सांगेल का? माझ्या मेहुणीचं निदान नुकतंच झालंय. पत्र्याच्या खोलीत राहणारी माणसं आहेत.

होटगीरोड
बुधवार, दुपारी १.३०

भुईकोट, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी सिव्हिलला जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारा. कुठल्या दवाखान्यात हे ऑपरेशन योजनेतून होतं ते तोच सांगेल. परळच्या केईएमचा हार्मोन विभाग या आजारासाठी नावाजलेला आहे, तिथे दाखवता आलं तर बघा. गाठ पिट्युटरीतच आहे याची खात्री झाल्याशिवाय घाई करू नका, आणि सर्जन हीच ऑपरेशनं नेहमी करणारा हवा. पहिलं ऑपरेशन नीट होण्यावर पुढचं सगळं उभं आहे, हे वर सरांनी आकड्यात दाखवलंच आहे. मला मेसेज करा. मुंबईत राहायचं, खायचं कुठे, सगळं सांगतो.

होटगीरोड
शनिवार, रात्री ९.१५

सगळ्यांना सांगायचं होतं. काल ताईला सांगितलं. भाकऱ्या आटपून ती बसली होती, मी मोबाइल तिच्या हातात दिला आणि हा अख्खा धागा वाचायला लावला. निशिगंधताईंच्या पोस्टवर थांबली, दोनदा वाचली. मग म्हणाली, "मला दोन महिन्यांपासून रात्री झोप लागत नाही. तुम्हाला बोलले नव्हते."

आज सकाळी उपाशीपोटी साखर बघितली, ११८. एचबीए१सीचं रक्त दिलंय. मुंबईची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. पुढचं तिचं तीच लिहील, तिनं खातं उघडलंय.

तव्यावरची
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. मीच ती ताई. भावानं माझ्यासाठी एवढं विचारलं आणि तुम्ही अनोळखी लोकांनी एवढं लिहिलं, वाचून भरून आलं. भाऊ समजतो तेवढी मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर तपासणीची भीती मलाच होती, परत तेच निघालं तर काय म्हणून टाळत होते.

डॉक्टर, एक विचारते. मुंबईहून लाळेच्या तपासणीची नळी पाठवणार आहेत. रात्री अकरा वाजता लाळ द्यायची म्हणतात. पण मी पहाटे तीनला उठते, चारला पहिला तवा ठेवते, आणि आठ-साडेआठला झोपते. अकराला उठून दिली तर चालेल का? आणि दात घासून द्यायची का? मी रात्री मिश्री लावते.

डॉ_भीमाकाठ
शनिवार, रात्री १०.०५

ताई, बरं झालं विचारलंत, इथेच रिपोर्ट चुकतो. कॉर्टिसॉल शरीराच्या घड्याळावर चालतो. सकाळी चढतो, झोपायच्या वेळी तळाला जातो. तो तळ खरंच गाठला जातोय का, हेच बघायचं असतं. म्हणून भिंतीवरच्या घड्याळापेक्षा तुमची रोजची झोपायची वेळ महत्त्वाची. गाढ झोपेतून उठवून दिलेला नमुना नको. तुमची ही वेळ मुंबईच्या डॉक्टरांना फोनवर सांगा, ते तुमच्या झोपेनुसार वेळ ठरवून देतील, आणि नळीवर ती वेळ लिहा.

त्याआधी काही खाऊ-पिऊ नका. दात लगेच आधी घासू नका, हिरड्यांतून रक्त आलं तर नमुना बिघडतो. मिश्री त्या दिवशी अजिबात नको. तंबाखूमुळे लाळेतला कॉर्टिसॉल खोटा वाढलेला दिसू शकतो. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही थांबवा, त्यानंही तसंच होतं. एका रात्रीवर निकाल लावत नाहीत, बहुधा दोन रात्रींच्या नळ्या असतील. त्या दिवशी घरात वादावादी झाली, झोप मोडली, ताप आला, तर नमुना दुसऱ्या दिवशी द्या.

मिश्री कायमची सोडता आली तर तुमच्या हृदयासाठी फार बरं. त्यावर गुरुवारनंतर बोलू.

तव्यावरची
शनिवार, रात्री १०.२०

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी मी मिश्री लावूनच दिली होती. उद्या मुंबईला फोन करते. साडेआठचं विचारते.

निशिगंध, तुमचा नंबर भावाकडे मागितलाय. जिना चढताना मांड्यांत काय होतं ते मला तुमच्याशी बोलायचंय.